ती काउंटरवर नसते

भाद्रपद लागायच्या सुमाराला कुठल्याही मेडिकलमध्ये दहा मिनिटं उभं राहा. एक पुरुष येतो. नवरा असतो, नाहीतर धाकटा दीर, कधी कॉलेजातला मुलगा. तो मोबाइल पुढे करतो. पडद्यावर एका जुन्या, अर्ध्या संपलेल्या स्ट्रिपचा फोटो. नाव मोठ्यानं वाचायचं नसतं. ‘ह्या दोन द्या.’ मेडिकलवालाही वर बघत नाही. खाकी पाकीट, पैसे, झालं. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळ्या जिच्या पोटात जाणार, ती तेव्हा घरी गौरींचे मुखवटे पुसत असते.

औषधाचा निम्मा भाग त्या पाकिटातून घरी जातो. उरलेला निम्मा म्हणजे पाच-सहा प्रश्न, आणि ते दुकानातच राहतात. ज्याला विचारायचे त्याला उत्तरं ठाऊक नसतात, आणि जिला ठाऊक असतात ती काउंटरवर नसते.

ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची. प्रिमोलुट-एन, रेगेस्ट्रोन ही तिची आपल्याकडची ओळखीची नावं. स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा त्या रेघेचा अर्थ. क्रोसिनइतक्या सहजपणे ही स्ट्रिप हातात पडते, हा भाग वेगळा.

आधी नावांचा घोळ निस्तरू, कारण गडबड तिथूनच सुरू होते. पाळी हा शब्द टाळण्यासाठी आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. अडचण, बाहेरची, कावळा शिवला, चार दिवस. गोळ्यांनाही मग ‘त्या गोळ्या’ किंवा ‘पाळीच्या गोळ्या’ एवढंच म्हटलं जातं. पण पाळीच्या गोळ्या किमान पाच प्रकारच्या आहेत. पाळी पुढे ढकलायची असते ती एक. लांबलेली पाळी आणायची असते ती दुसरी. पोटदुखीची तिसरी. रोजची गर्भनिरोधक चौथी. आणि गर्भपाताची पाचवी, जिला काही जण ‘पाळी आणायची’ याच नावानं मागतात. संकोचानं पुटपुटलेल्या मागणीवर चुकीची स्ट्रिप हातात पडली तर परिणाम नुसते गैरसोयीचे राहत नाहीत. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची गोळीही काही मुली पाळी लांबवायला घेतात. तिनं पाळी ठरवून लांबत नाही. नुसती विस्कटते, कधी उलट लवकरही येते. तेव्हा काउंटरवर जो कोणी जाईल त्याच्या हातात औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेला कागद असलेला बरा. डॉक्टरनं लिहिलेला असेल तर उत्तमच.

घरगुती उपायांबद्दल एका वाक्यात सांगायचं तर, चण्याची डाळ, लिंबाचं पाणी, व्हिनेगर, यांपैकी कशालाही पाळी भीक घालत नाही.

नॉरएथिस्टेरॉन जन्मलं मेक्सिकोत. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञानं, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या हाताखाली काम करताना, ते तयार केलं. तिथल्या हार्मोनांचा कच्चा माल जंगली कंदांपासून मिळत होता. शरीरातलं प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतलं की यकृतात बरंचसं वाया जातं, म्हणून तोंडावाटे टिकणारा त्याचा भाऊबंद हवा होता, तो हा. १९५७ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आलं तेव्हा पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून आलं. गर्भनिरोधक म्हणून त्याचा गाजावाजा झाला तो नंतर.

काम कसं करतं? बीज सुटल्यानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की साधारण दोन आठवड्यांत ते प्रोजेस्टेरॉन ओसरतं, अस्तराचा आधार सुटतो आणि रक्तस्राव सुरू होतो. गोळी हा आधार बाहेरून चालू ठेवते. गोळ्या थांबल्या की आधार सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पाळी येते. लांबलेली पाळी आणायला डॉक्टर याच घराण्यातली गोळी काही दिवस देऊन बंद करायला सांगतात, त्यामागेही हेच. घेत राहिलं तर पाळी थांबते, सोडलं तर येते.

यावरून वेळेचं महत्त्व कळतं. अस्तर सुटायची प्रक्रिया रक्त दिसण्याआधीच आतून सुरू झालेली असते. पोटात कळ आली, डाग दिसला, आणि मग धावत जाऊन गोळी घेतली तर बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरुवात. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा. काही वेळा डॉक्टर दोनदाच देतात. मुदत १० ते १४ दिवस, त्यापुढे नाही.

हिशेब मांडून बघू. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. गौरी आवाहन ३१ ऑगस्टला, पूजन १ सप्टेंबरला, विसर्जन २ ला. जिची पाळी २ ऑगस्टला आली आणि चक्र नेमकं २८ दिवसांचं आहे, तिची पुढची तारीख ३० ऑगस्ट. म्हणजे गोळी सुरू करायची २७ ला, ऐन चतुर्थीच्या सकाळी. गौरी विसर्जनाच्या रात्रीपर्यंत घ्यायची तर सात दिवस झाले, गोळ्या २१. स्ट्रिप दहाची. फोटो दाखवून दोन आणल्या तर शेवटच्या रात्रीची एक गोळी कमी पडते. तीन आणल्या तर नऊ उरतात. या नऊ गोळ्या लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे. गणपती दहा दिवसांचा असेल तर ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत ११ दिवस, ३३ गोळ्या. पाळी मग ८-९ सप्टेंबरच्या आसपास, आणि पुढचं चक्र मोजायचं ते त्या नव्या तारखेपासून.

हे गणित जमतं ते चक्र नियमित असेल तरच. जिची पाळी कधी ३० दिवसांनी, कधी ५० दिवसांनी येते, तिच्यासाठी ‘तीन दिवस आधी’ या शब्दांना अर्थच नाही. पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, असलेल्या मुलींचं हेच होतं. पाळी येऊ नये म्हणून अंदाजानं गोळ्या सुरू होतात, आणि पाळी तर तशीही महिनाभर येणार नव्हती. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी आया मुलींना गोळ्या देतात तिथेही ही अडचण असते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत चक्र बसलेलंच नसतं.

सणाच्या घरात चुकते ती दुपारची गोळी. सकाळची चहाबरोबर होते, रात्रीची झोपताना होते. दुपारी नैवेद्य लांबतो, पंक्ती उठतात, आणि वाढणारीचं जेवण चार वाजता. नॉरएथिस्टेरॉन रक्तातून दर सात-आठ तासांनी निम्मं होत जातं. एक गोळी राहिली की पातळी खाली येते, आणि नेमका पूजनाच्या दिवशी डाग दिसतो. आठवली की एक घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी. दोन एकदम घेऊ नयेत. डाग दिसला म्हणून मनानं डोसही वाढवू नये. मोबाइलला दुपारी दोनचा गजर लावावा, एवढा सोपा उपाय आहे. बाजारात १० आणि १५ मिलिग्रॅमच्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात आणि मोडायच्या किंवा चावायच्या नसतात. शेजारणीच्या सांगण्यावरून ‘दिवसातून तीन’ हे त्या गोळ्यांना लावलं तर डोस दुप्पट-तिप्पट होतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर दुकानात कोणी काही बोलत नाही.

ही गोळी ‘फक्त प्रोजेस्टेरॉनची’ आहे, म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका नाही, असा समज बराच पसरलेला आहे. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन हे दुसरं स्त्री-हार्मोनही असतं आणि गुठळ्यांचा धोका त्याच्यामुळे, इथवर ते बरोबर आहे. काही देशांत नॉरएथिस्टेरॉनची एकटी गर्भनिरोधक गोळीही मिळते, आणि ती गुठळ्यांच्या बाबतीत निर्धोक मानली जाते. पण त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं ०.३५ मिलिग्रॅम. पाळी ढकलताना दिवसाला पोटात जातं १५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४३ पट. शिवाय शरीर नॉरएथिस्टेरॉनचा अगदी थोडा अंश एथिनिल इस्ट्रॅडिओल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. ०.३५ मिलिग्रॅमचा थोडा अंश नगण्य असतो, १५ मिलिग्रॅमचा नसतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यावर तयार होणारं इस्ट्रोजेन साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीइतकं भरतं. सरकारी केंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या एका गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे लेबलवर इस्ट्रोजेनचं नाव नसलं तरी ते घ्यायचे धोके तेच. माला-एन सुरू करण्याआधी जे प्रश्न विचारायचे असतात तेच इथेही विचारायला हवेत.

आकडा मोठा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, गोळी न घेणाऱ्या १० हजार तरुण स्त्रियांमध्ये वर्षभरात साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉन असलेली मिश्र, म्हणजे सोबत इस्ट्रोजेनही असलेली, गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहून जास्त असतो. दहा-बारा दिवस गोळ्या घेणाऱ्या धडधाकट बाईनं घाबरून जावं असं यात काही नाही. पण हा धोका सगळ्यांत सारखा वाटलेला नसतो. बहुतेक जणींच्या वाट्याला जवळपास शून्य येतो आणि काही जणींच्या वाट्याला भरपूर. कोण कुठल्या गटात हे चेहऱ्यावरून कळत नाही, प्रश्न विचारूनच कळतं.

पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात झाला आहे का? आई, वडील, बहीण, भाऊ यांच्यापैकी कोणाला कमी वयात झाली होती का? हा शेवटचा प्रश्न काउंटरवर आलेला दीर काय सांगणार! बाळंतपण होऊन किती आठवडे झाले? पहिले सहा आठवडे रक्त गोठण्याच्या दृष्टीनं फार नाजूक असतात, आणि नव्या बाळाची पहिली गौर म्हणून नेमका तेव्हाच आग्रह होतो. पायाला प्लास्टर आहे का, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा ठरलंय का? वजन खूप जास्त आहे का, बिडी-सिगारेट ओढते का, वय पस्तिशीच्या पुढे आहे का, रक्तदाब शेवटचा कधी मोजला? अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा, चमकणारे ठिपके दिसतात का? स्तनाचा कॅन्सर, यकृताचा आजार, गरोदरपणात झालेली कावीळ किंवा अंगभर सुटलेली खाज, कारण न कळलेला रक्तस्राव, यांतलं काहीही असेल तर ही गोळी नाहीच. धोका जास्त असूनही पाळी ढकलणं खरंच गरजेचं असेल तर डॉक्टर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसारखा पर्याय विचारात घेतात, कारण त्याचं शरीरात इस्ट्रोजेन होत नाही. पण ते ठरवायचं डॉक्टरनं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावशीनं नव्हे.

प्रवासाचं वेगळं बघावं लागतं. चारधामची बस, अष्टविनायकाची दोन दिवसांची धावती सहल, मुंबईहून अमेरिकेचं पंधरा-सोळा तासांचं विमान. ढकलायच्या गोळ्यांची आठवण होते ती अशाच वेळी. तासन्‌तास पाय लोंबकळत बसणं हे स्वतःच गुठळीला निमंत्रण, त्यात बाथरूमला जावं लागू नये म्हणून बायका पाणी पीत नाहीत. दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. तासा-दीड तासानं उठून चालणं, बसल्या जागी घोटे वर-खाली करणं, पाणी न तोडणं, एवढं तरी करावं.

औषधांचंही विचारायला हवं. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल, किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, तर यकृत नॉरएथिस्टेरॉन भराभर संपवतं. गोळ्या वेळेवर घेऊनही पाळी येते ती अशी. टीबीचं औषध घरात कोणाला कळू नये म्हणून लपवून घेणाऱ्या सुना आहेत. त्यांच्यासाठी काउंटरवर गेलेल्या नवऱ्याला तर काहीच विचारता येणार नाही.

गोळी सुरू असताना मळमळ, पोट फुगणं, छाती दुखणं म्हणजे स्तन हुळहुळणं, डोकं जड होणं, चिडचिड हे होतं. त्रासदायक असतं, धोक्याचं नसतं. धोक्याची खूण वेगळी. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. दोन्ही पाय सुजले तर उभं राहून असेल, एकच सुजला तर थांबू नका. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यात रक्त आलं. कधी नव्हे असं डोकं फुटण्यासारखं दुखतंय, सोबत उलट्या, अंधुक दिसणं, तोंड वाकडं होणं, फिट. मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी झाली की असं होतं, आणि उपासानं पित्त झालंय म्हणून घरात झोपवून ठेवलं जातं. लिंबू-सरबतात जाणारा तो वेळ खरं तर हॉस्पिटलला पोचायचा असतो. डोळे किंवा कातडी पिवळी दिसली तरी गोळी बंद. आणि हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगावं की या गोळ्या चालू आहेत. सासऱ्यांसमोर कसं सांगायचं या संकोचात हे राहून जातं, आणि डॉक्टर भलतीकडे शोधत बसतात.

एक गैरसमज मात्र पुसायला हवा. या गोळ्या घेतल्या म्हणून पुढे मूल होत नाही, असं नाही. आणि दुसरा, नेमका उलटा: या गोळ्या चालू आहेत म्हणून गर्भ राहणार नाही, असंही नाही. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू केलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून मोजायचीच नाही. बीज तर दहा-बारा दिवसांपूर्वीच सुटून गेलेलं असतं. गर्भ आधीच राहिलेला असला तर पाळी न आल्याचं श्रेय गोळीला जातं आणि गर्भ लक्षात यायला उशीर होतो. गरोदरपणात हे औषध घ्यायचं नसतं. मोठ्या डोसनं मुलीच्या गर्भावर पुरुषी परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. जरा जरी शक्यता असेल तरी सुरू करण्याआधी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. आणि गोळ्या संपून आठवडा झाला तरी पाळी आली नाही तर पुन्हा करावी.

जी आधीपासूनच माला-एन किंवा तसल्या मिश्र गोळ्या घेते तिला वेगळ्या स्ट्रिपची गरज नसते. हार्मोनच्या २१ गोळ्या संपल्या की लोहाच्या सात बाजूला ठेवून लगेच नवी स्ट्रिप सुरू केली की पाळी पुढे जाते. दोन्ही औषधं एकावर एक घेणाऱ्या असतात, म्हणून हे लिहिलं.

हे सगळं करायचंच कशाला, गौरीला पाळीचं काय वावडं, असं विचारणाऱ्या आता घराघरात आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. दुसरीकडे पोलीस भरतीची मैदानी चाचणी, लग्न, पोहण्याची स्पर्धा अशी कारणंही असतात. कारण कुठलंही चालेल. फक्त ते गोळी घेणारीचं असावं. सून गोळी घेईल हे सासूबाईंनी परस्पर ठरवलं आणि दिराला दुकानात धाडलं, यात तिची फक्त जीभ वापरली गेली.

आता त्या उरलेल्या नऊ गोळ्या. त्या कपाटात साड्यांखाली जातात. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, गौरींनंतर तीन आठवड्यांच्या आत. नऊ गोळ्या म्हणजे तीन दिवस, त्यानं नवरात्र निघत नाही, म्हणून पुन्हा फोटो काढून दीर दुकानात. महिन्या-दीड महिन्यात दोनदा-तीनदा असं झालं की दहा-बारा दिवसांचा हिशेब संपलेला असतो. मग ती बाई एका अर्थी वरचेवर मोठा डोस घेत असते आणि कोणी तिचा रक्तदाबही मोजलेला नसतो. किंवा त्या नऊ गोळ्या नणंदेकडे जातात, जिची अर्धशिशी वहिनीला ठाऊक नसते.

उरलेल्या गोळ्या एकेक काढून, मातीत किंवा वापरलेल्या चहापत्तीत कालवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकाव्यात. स्ट्रिप कापून टाकावी, फोटोही पुसावा. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात जिथे पाळीची खूण असते त्याच रांगेत, गोळ्या किती तारखेला सुरू केल्या आणि कधी थांबवल्या हे पेन्सिलीनं लिहून ठेवावं. पुढच्या वेळी डॉक्टरनं ‘शेवटची पाळी कधी?’ विचारलं की गोळ्यांनी ढकललेल्या पाळीचं आणि आपल्या नेहमीच्या पाळीचं गणित वेगळं करता येतं.